खंडानंतर पुन्हा लांब पल्ल्याकडे : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

पावसाची पहिली सर येऊन गेली की नागपुरातील रस्ते सकाळी पुन्हा गजबजू लागतात, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखही बदलतो. पूर्वी ट्रायथलॉन केलेल्या, मध्यंतरी सराव सुटलेल्या आणि आता पुन्हा सुरुवात करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी अधिक आहेत. त्यांतील चार पत्रे निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, लांब पल्ल्याच्या पूर्ण ट्रायथलॉनमध्ये सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे हे सलग करायचे असते, आणि बहुतेक स्पर्धांत त्यासाठी १७ तासांची मर्यादा असते. अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत हेच आकडे १.९, ९० आणि २१.१ असे असतात.

प्रश्न : माझे वय ४४ आहे. मी बँकेत अधिकारी आहे. गोव्यातील अर्ध्या अंतराची स्पर्धा मी पूर्ण केली होती आणि २०० किलोमीटरची ब्रेवेही (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) वेळेत केली होती. त्यानंतर गोंदियाला बदली झाली, गेल्या वर्षी डेंग्यू झाला, पाठोपाठ आईचे ऑपरेशन झाले, आणि या सगळ्यात दोन वर्षे सराव पूर्ण बंद राहिला. आता नागपूरला परत आलो आहे. पहिल्या उत्साहात तिसऱ्याच आठवड्यात दहा किलोमीटर धावलो. दम चांगला राहिला. मात्र दुसऱ्या दिवसापासून टाचेच्या वर, पोटरी संपते तिथे, सकाळी उठल्यावर दुखू लागले आहे. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मलेशियातील लंगकावी येथे पूर्ण अंतर करायचे मनात आहे. हे शक्य आहे का? शिवाय नागपुरात ना डोंगर, ना समुद्र. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : शक्य आहे, आणि आपल्या हाती सुमारे सोळा महिने आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु 'दम चांगला राहिला' हे आपण समाधानाने लिहिले आहे, आणि खंडानंतर परतणाऱ्यांना बहुतेक दुखापती नेमक्या तिथूनच होतात, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

सराव थांबला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग घटू लागतो. त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकलते आणि तोच वेग राखायला नाडी जास्त पळवावी लागते. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमधील, प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही मंदावते. यातील पहिली घट भरून यायला फार वेळ लागत नाही. नियमित हालचाल सुरू झाली की एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रव वाढतो. पूर्वी कमावलेले स्नायूही नव्याने सुरुवात करणाऱ्यापेक्षा लवकर सावरतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात आपल्याला दहा किलोमीटर सहज वाटले. पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यांना पुन्हा भार पेलण्याजोगे व्हायला कित्येक महिने लागतात, आणि हाडाची झीज होऊन नवी बांधणी होण्याच्या एका फेरीलाच तीन-चार महिने जातात. आपले हृदय आणि फुप्फुसे आज जे अंतर मागत आहेत, ते पेलायला आपली टाच अजून तयार नाही. पुढचे चार महिने अंतर किती वाढवायचे हे टाचेने ठरवायचे आहे, दमाने नाही.

ही टाच आधी नीट करू या. आपण केलेल्या वर्णनावरून टाचेमागची कंडरा दुखावलेली दिसते. एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवून खात्री करून घ्यावी. त्यांची हरकत नसेल तर रोज एक व्यायाम करावा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभे राहावे, आधाराला कठडा धरावा, दोन्ही पायांवर टाचा वर उचलाव्यात, मग वजन दुखऱ्या पायावर घेऊन मनात तीन अंक मोजत टाच हळूहळू पायरीच्या पातळीपर्यंत आणावी. सुरुवातीला दहा-बारा वेळा, अशा तीन फेऱ्या पुरेत. खाली येतानाचा संथपणा हाच या व्यायामाचा गाभा आहे. घाईने केला तर उपयोग नाही. व्यायाम करताना थोडे जाणवले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून न्हाणीघरापर्यंत जाताना पहिल्या पावलांना किती दुखते, हे मात्र रोज पाहावे. कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असे समजून त्या दिवशी धावणे सोडावे. सायकल आणि पोहणे सुरू ठेवायला सहसा अडचण येत नाही.

डेंग्यूचा ज्वर उतरल्यावरही थकवा बराच काळ रेंगाळू शकतो. आता वर्ष होत आले असले तरी मोठा भार घेण्यापूर्वी हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी, आणि वय चाळिशीपार असल्याने ईसीजी व स्ट्रेस टेस्ट करून डॉक्टरांचा होकार घ्यावा.

आता सरावाकडे वळू. पहिले आठ आठवडे अंतर आणि वेग यांचा विचार बाजूला ठेवावा. या काळात एकच गोष्ट साधायची आहे : ठरवलेला सराव चुकवायचा नाही. तो चुकू नये म्हणून इतका लहान ठरवावा की बँकेतला सर्वांत ओढाताणीचा दिवस असला तरी तो करता येईल. आठवड्यातून दोनदा पोहणे, दोनदा सायकल आणि तीनदा अर्ध्या तासाचे चालणे-धावणे, म्हणजे चार मिनिटे धावून एक मिनिट चालणे, असे धरले तरी आठवड्याला पाच-सहा तास होतात आणि एवढे पुरे असतात. वेग बोलण्यावरून ठरवावा. शेजारी धावणाऱ्या मित्राशी अख्खे वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. दोन-दोन शब्दांवर थांबावे लागत असेल तर वेग कमी करावा. लांब पल्ल्याच्या खेळाडूंचा बहुतांश सराव याच सोप्या वेगाने होतो, हे जगभरातील प्रशिक्षकांनी अनुभवलेले आहे. आपल्याकडे मात्र दर रविवारी शर्यत लावल्यासारखे धावणारे बरेच दिसतात आणि पावसाळा संपायच्या आत घरी बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या मोबाइलमध्ये गोव्याच्या वर्षातील सर्व नोंदी असतील. त्या सहा महिने उघडू नयेत, अशी आग्रहाची विनंती आहे. त्या नोंदींतील माणसाने वर्षभर सलग सराव केला होता. आपण त्याच्याशी आज स्पर्धा लावली तर हार पदरी पडेल आणि त्या ईर्षेत टाच पुन्हा जाईल.

ऑक्टोबरअखेरपर्यंत आठवड्याचे तास हळूहळू आठपर्यंत न्यावेत आणि दर तीन आठवड्यांनंतर चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपूरचा खरा सरावाचा हंगाम. पहाटेची थंडी, कोरडी हवा आणि लख्ख ऊन अशा या चार महिन्यांत लांब राइड वाढवाव्यात. अमरावती रस्त्याने कोंढाळीपर्यंत जाऊन परत आले, किंवा कामठी-मनसरमार्गे रामटेकला जाऊन आले, की जवळपास अर्ध्या स्पर्धेइतकी सायकल होते. समृद्धी महामार्ग मोकळा दिसतो म्हणून काहींना मोह होतो. तिथे सायकलला परवानगी नाही आणि तिथल्या वाहनांचा वेग पाहता ते योग्यच आहे. मार्चअखेर बँकेत मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा ते दोन आठवडे आधीच हलके म्हणून आखून ठेवावेत. आखलेली सुटी मनाला टोचत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा सकाळी सातच्या आत घरी परतावे, पोहण्यावर भर द्यावा आणि उरलेली सायकल घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येईल अशा स्टँडवर, पंखा लावून करावी.

लंगकावीचा विचार केला तर आपला पावसाळा फार कामाचा आहे. मे महिन्यातले ऊन कोरडे असते. घाम तत्काळ वाळतो आणि शरीर थंड होते. लंगकावीची हवा दमट, तिथे घाम अंगावरून नुसता ओघळतो आणि थंडावा मिळत नाही. पुढच्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे आपल्या सरावाच्या सर्वांत अवजड टप्प्यात, नागपूरची हवा त्याच जातीची असते. शरीराला उष्म्याची सवय व्हायला सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात आणि सराव सुटला की ती सवय काही आठवड्यांत जाते, म्हणून उन्हाळ्यात कमावलेली सवय नोव्हेंबरपर्यंत टिकेल असे गृहीत धरू नये. या अवजड टप्प्यात आठवड्याला बारा ते पंधरा तास लागतील. त्यात दोन-तीन वेळा दीडशेच्या वर सायकल आणि एक-दोनदा अठ्ठावीस ते तीस किलोमीटर धावणे यावे. लांब राइडनंतर लगेच बूट बदलून वीस मिनिटे धावण्याचा 'ब्रिक' सराव पंधरा दिवसांतून एकदा करावा. शेवटचे दोन ते तीन आठवडे तास कमी करत न्यावेत.

डोंगर नाही, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. सेमिनरी हिल्सची लहानशी चढण दहा वेळा केली की पाय बोलू लागतात. समोरून वारा असताना वर्धा रस्त्यावर तासभर एका लयीत सायकल चालवणे हेही चढणीइतकेच कष्टाचे असते, आणि लंगकावीच्या १८० किलोमीटरमध्ये ती लयच कामी येते. नागपूरचेच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने, बारा दिवसांच्या मर्यादेत पूर्ण केली. आपल्या शहरात राहून अशा स्पर्धेपर्यंत पोचता येते, यात आता शंका घेण्याचे कारण नाही.

एक शेवटची सूचना सायकलीबद्दल. दोन वर्षे गॅलरीत उभी असलेली सायकल हवा भरून थेट रस्त्यावर नेऊ नये. टायर हाताने दाबून त्याची बाजू उजेडात पाहावी. नागपूरच्या उन्हात रबराला केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि असा टायर वेगात असताना फुटू शकतो. ब्रेकचे रबर नखाने दाबून पाहावे, ते दगडासारखे घट्ट झाले असेल तर बदलावे. ब्रेकची वायर, साखळी आणि बुटाच्या तळाचे स्क्रू यांवर गंज आहे का, हे पाहावे. ट्यूबलेस टायर असेल तर आतले, भोके बुजवणारे द्रव बहुधा वाळून गेलेले असते. हे सारे मेकॅनिककडून एकदा करून घेतले की मन निर्धास्त होते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ३८. धावणे आणि सायकल पुन्हा बऱ्यापैकी जमू लागली आहे, परंतु पोहण्यात दोन लांब फेऱ्या झाल्या की धाप लागते. पूर्वी मी दीड किलोमीटर न थांबता पोहत असे. तलावात पोहण्याची तर आता भीतीच वाटते. काय करावे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आपण धावू शकता म्हणजे आपला दम शाबूत आहे. पोहण्यातली धाप बहुतेक वेळा श्वास सोडण्याच्या सवयीतून येते. खंड पडला की पाण्याखाली श्वास सोडणे आपोआप थांबते; माणूस तो रोखून धरतो, मग तोंड बाहेर आल्यावर त्या अर्ध्या क्षणात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा प्रयत्न करतो, आणि दोन्ही अपुरे राहतात. छातीत हवा कमी पडते म्हणून पुढच्या वेळी डोके जास्त वर उचलले जाते, डोके वर आले की कंबर आणि पाय खाली जातात, आणि बुडणारे पाय ओढत नेण्यात सगळी शक्ती खर्च होते. म्हणून पहिले दोन आठवडे अंतर मोजू नका. उथळ बाजूला उभे राहून तोंड पाण्यात घालावे, नाकातून सलग बुडबुडे सोडावेत, मग डोके न उचलता फक्त बाजूला वळवावे. एक डोळा पाण्यात आणि एक बाहेर राहील इतकेच. हे सहज झाले की एक फेरी पोहून वीस सेकंद थांबावे. अशा लहान फेऱ्यांनी एकूण अंतर वाढवत न्यावे आणि विश्रांती कमी करावी. आठवड्यातून एकदा तासभर पोहण्यापेक्षा तीनदा अर्धा-अर्धा तास पोहणे अधिक गुण देते, कारण पाण्याचा अंदाज फार लवकर विसरला जातो.

उन्हाळ्याच्या सुटीत तरणतलावांवर मुलांची झुंबड असते आणि मोठ्यांना एक सरळ ओळ मिळणे अवघड जाते, हे खरे आहे. शाळा सुरू झाल्यावर पहाटेच्या बॅचला गर्दी उतरते. आपल्याला शाळेच्या वेळेचे बंधन असल्याने ही बॅच लगेच नोंदवून टाकावी.

भीतीबद्दल मी अधिक गांभीर्याने लिहितो. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांचा अभ्यास झाला तेव्हा स्पर्धेदरम्यानच्या मृत्यूंपैकी बहुसंख्य पोहण्याच्या टप्प्यात झाल्याचे आढळले होते. त्यामुळे आपल्याला वाटणारी भीती रास्त आहे आणि ती दडपून पाण्यात उतरू नये. अंबाझरी असो वा अन्य तलाव, एकटीने कधीही जाऊ नये. पोहण्यास परवानगी आहे का हे आधी पाहावे, जाणत्या पोहणाऱ्यांच्या गटाबरोबर आणि काठावर नजर ठेवणारे कोणी असतानाच उतरावे, कमरेला रंगीत तरंगता फुगा बांधावा. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि वाढते असते, तेव्हा हा सराव हिवाळ्यापर्यंत पुढे ढकलावा. पहिल्या दिवशी काठालगत उताणे तरंगणे एवढेच करावे. धडधड वाढली की उताणे होऊन तरंगता येते, हे शरीराला एकदा पटले की पुढची भीती पुष्कळ निवळते. तरणतलावातही आठवड्यातून एकदा तळाच्या रेषेकडे न पाहता, दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्यावर आणून समोरची खूण पाहत पोहण्याची सवय करावी.

प्रश्न : वय ६१, नुकताच निवृत्त झालो. पन्नाशीत अर्धे अंतर दोनदा केले आहे. आता पुन्हा सुरुवात केली तर घरचे काळजी करतात. त्यांचे ऐकावे काय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : काका, घरच्यांना सोबत घेऊनच हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे. छातीत दडपण, चालताना चक्कर, नाडीचे ठोके चुकणे यांपैकी काही असेल तर ते लपवू नये. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला तर वय आडवे येत नाही. जगभरातील स्पर्धांत साठीपुढचे गट असतात आणि ते भरलेलेही असतात. या वयात स्नायू लवकर झडतात म्हणून आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम आवश्यक समजावा, आणि कष्टाच्या दोन सरावांमध्ये तरुणांना एक दिवस लागत असेल तर आपण दोन द्यावेत. आधी ऑलिम्पिक अंतर, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० सायकल आणि १० धावणे, हे उद्दिष्ट ठेवावे.

प्रश्न : माझ्या यजमानांनी पुन्हा सराव सुरू केला आहे. लांब राइडसाठी ते ऊर्जा देणाऱ्या जेलची महागडी पाकिटे आणतात. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. घरचे काही देता येईल का? गेल्या रविवारी रामटेकहून परतताना त्यांना भोवळ आली होती. पाणी तर भरपूर प्यायले होते असे ते म्हणतात.
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : घरचे अवश्य देता येईल. दीड तासापेक्षा लांब राइडमध्ये तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. सरावाने पोट तयार झाले की हा आकडा ९० पर्यंतही नेता येतो. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. त्याला दोन-तीन खजूर आणि मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्याचे तुकडे जोडले की तासाचा हिशेब बसतो. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान लागते, पण तिच्यातली चरबी हळू पचते, म्हणून ती राइडच्या पहिल्या भागात द्यावी. तर्री पोहे घरी परतल्यावर. सायकलवर निघण्याआधी ती तर्री जळजळ करते. स्पर्धेत धावताना चावून खाणे अनेकांना जमत नाही, तेवढ्यापुरती जेलची पाकिटे ठेवावीत आणि ती सरावातही अधूनमधून वापरून पाहावीत. स्पर्धेच्या दिवशी प्रथमच काही खाऊ नये.

भोवळीची कारणे एकाहून अधिक असू शकतात, म्हणून ती पुन्हा आली तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्या वर्णनातील 'भरपूर पाणी' मला खटकते. घामातून मीठही जाते, आणि मिठावाचून नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरते. डोके दुखणे, मळमळ, हाताची बोटे सुजून अंगठी घट्ट होणे आणि गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे असतात. तशा वेळी आणखी पाणी पाजणे धोक्याचे असते. रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. एरवी एका बाटलीत ओआरएस आणि दुसरीत साधे पाणी असे द्यावे आणि तहान लागेल तसे प्यायला सांगावे. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावे, जास्त घट्ट केले तर पोट बिघडते. राइडच्या आधी आणि नंतर यजमानांचे वजन करून लिहून ठेवावे. परतल्यावर वजन वाढलेले दिसले तर पाणी जास्त झाले. दोन टक्क्यांहून जास्त घटले असेल तर कमी पडले. महिनाभर अशी वही ठेवली की त्यांना तासाला किती लागते हे आपल्यालाच कळेल. परतल्यावर ताक आणि मुगाच्या डाळीची खिचडी द्यावी, आणि हिवाळ्यात त्यासोबत आपली नागपूरची दोन संत्री.